शाळेचा प्रश्न सभागृहात आणा : विधिमंडळ सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभेचे आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. नोकरीत असताना असं पत्र जाहीरपणे लिहिता येत नाही, सेवेचे नियम आड येतात. आता ती अडचण उरली नाही, म्हणून लिहिते आहे. पत्र कोणा एका पक्षाला नाही. सत्तेत असलेल्यांना आणि विरोधी बाकांवर बसलेल्यांना, विधानसभेच्या २८८ आणि विधान परिषदेच्या ७८ सदस्यांना मिळून हे एकच पत्र आहे.

आपल्यापैकी अनेकजण शाळांसाठी काही ना काही करत असता. कुणी आमदार निधीतून वर्गखोली बांधून देतं, कुणी संगणक देतं, कुणी जूनमध्ये वह्या-दप्तरं वाटतं. अशा खोल्यांत मी शिकवलं आहे. गळक्या कौलांखालून मुलांना उचलून पक्क्या स्लॅबखाली बसवताना शिक्षकाला काय वाटतं ते मला ठाऊक आहे, त्यामुळे त्या कामाचं मोल मी कमी लेखणार नाही. पण वर्गखोली ग्रामपंचायतही बांधू शकते आणि वह्या गावातला एखादा सधन माणूसही वाटू शकतो. सभागृहात उभं राहून शिक्षणमंत्र्यांना प्रश्न विचारणं, खात्याच्या खर्चाच्या मागणीवर कपात सूचना देणं (म्हणजे मागितलेली रक्कम कमी करा असं सुचवून त्या कारभारावर बोट ठेवणं), नियमातला घातक बदल अडवणं, दिलेलं आश्वासन वर्षभराने पुन्हा पुढ्यात ठेवणं, ही कामं मात्र या राज्यात आपल्या ३६६ जणांखेरीज कुणालाच करता येत नाहीत. माझं मागणं या कामांबद्दल आहे.

हे काम कसं करायचं, हे आपल्याच विधिमंडळाच्या जुन्या कामकाजात लिहून ठेवलेलं आहे.

१२ मार्च १९२७. मुंबई विधान परिषदेत शिक्षण खात्याच्या अनुदानावर चर्चा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा ३५ वर्षांचे होते. नामनियुक्त सदस्य म्हणून सभागृहात येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. त्यांचं त्या दिवसाचं भाषण कोणत्याही पक्षाच्या नव्या आमदाराने समोर ठेवून अभ्यासावं असं आहे. त्यात आवेश थोडा आणि हिशेब फार. सरकारचेच अहवाल उघडून ते सरकारसमोर धरतात. भारत सरकारच्या अहवालाच्या आधाराने ते सांगतात, की आजच्या गतीने चाललं तर शाळेच्या वयाचे सगळे मुलगे शिक्षणाखाली यायला ४० वर्षं लागतील आणि मुलींना ३०० वर्षं. पुढे म्हणतात, प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात अवघी १८, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. मग ते पैशाकडे वळतात. सरकार शिक्षणावर दरडोई खर्च करतं चौदा आणे, आणि अबकारीतून, म्हणजे लोकांच्या दारूतून, दरडोई वसूल करतं दोन रुपयांहून जास्त. जेवढं लोकांकडून असं घेता, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढंच त्यांचं म्हणणं. कॉलेजांच्या खर्चातला ३६ टक्के भाग विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो हे दाखवून, हे शिक्षणाचं व्यापारीकरण आहे असं त्यांनी तिथल्या तिथे बजावलं. देण्याघेण्याच्या तत्त्वावर चालवावं असं हे खातं नव्हे, शिक्षण होईल तितकं स्वस्त केलं पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

यातला ८२ मुलांचा मुद्दा मला शिक्षिका म्हणून सगळ्यात मोलाचा वाटतो. शाळेत नाव घातलं की काम झालं, असं सरकार त्या काळीही मानत होतं. बाबासाहेबांनी त्याच्या पुढची गोष्ट विचारली : आत शिरलेल्या मुलाचं पुढे झालं काय? प्राथमिक शाळेत आलेलं प्रत्येक मूल बाहेर पडेल ते साक्षर होऊनच, आणि साक्षरच राहील, हा या शिक्षणाचा हेतू असला पाहिजे असं त्यांनी मांडलं. आज पटनोंदणी जवळजवळ पूर्ण आहे, सहा वर्षांचं मूल शाळेच्या हजेरीपटावर असतंच. पाचवीत गेलेल्या मुलाला दुसरीचं पुस्तक अडखळत वाचावं लागतं का, हा आजचा प्रश्न आहे आणि तो त्याच जातीचा आहे. पट किती, हे सभागृहात विचारलं जातं. वाचतात किती, हेही तिथे विचारलं गेलं पाहिजे.

त्या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तो सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या मागे विधान परिषदेच्या एका सदस्याचं काम उभं होतं, ते मात्र फार कमी लोकांच्या लक्षात असतं. ४ ऑगस्ट १९२३ ला रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधान परिषदेत ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. पाण्यामुळे तो लक्षात राहिला, पण त्यात सार्वजनिक शाळाही होत्या, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. ठराव मंजूर झाला आणि बहुतेक स्थानिक संस्थांनी तो बासनात बांधून ठेवला. महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला, तोही कागदावरच राहिला. तेव्हा १९२६ मध्ये बोले पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव अंमलात आणत नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये.

मला बोले यांचं १९२६ चं काम १९२३ च्या कामापेक्षा मोठं वाटतं. चांगला ठराव मांडणारे बरेच असतात. स्वतःच्याच ठरावाचं काय झालं हे तीन वर्षांनी येऊन विचारणारा, आणि अनुदानाच्या दोऱ्या आवळा असं सांगणारा सदस्य विरळा. आज आपल्या हाताशी तर आश्वासन समिती आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही, हे पाहण्यासाठीच ती आहे. बोले यांना ही सोय नव्हती.

त्याही आधी नामदार गोखले. मुंबई प्रांताच्या विधान परिषदेत काम करून ते केंद्राच्या कायदेमंडळात गेले आणि १६ मार्च १९११ ला त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी फार माफक होती. जिथे आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जातात, तिथल्या स्थानिक संस्थेला सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा असावी, आणि खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने उचलावा. १९ मार्च १९१२ ला ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. गोखले १९१५ मध्ये गेले. १९१८ मध्ये मुंबई प्रांतात नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करू देणारा कायदा आला तो विठ्ठलभाई पटेलांच्या अशासकीय विधेयकातून. म्हणजे सक्तीच्या शिक्षणाचा आपल्याकडचा पहिला कायदा एका साध्या सदस्याने आणला, मंत्र्याने नव्हे. अशासकीय विधेयकाचं पुढे काही होत नसतं, असं म्हणून ते मांडायचंच सोडून देणाऱ्या सदस्यांनी हे जरूर आठवावं.

स्वातंत्र्यानंतरही असे सदस्य झाले. प्रा. बी. टी. देशमुख अमरावती विभागाच्या पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० अशी ३० वर्षं विधान परिषदेत होते. प्राध्यापकांच्या प्रश्नांपासून विदर्भाच्या अनुशेषापर्यंत त्यांनी जे विषय हातात घेतले, ते आकडे आणि नियम यांच्या बळावर लढवले. त्यांच्या राजकारणाशी सहमत नसलेले लोकही त्यांचं नाव अभ्यासू सदस्य म्हणून घेतात. आमदारकीची कारकीर्द याला म्हणावं, असं मला मनापासून वाटतं.

आता आजच्या शाळेकडे येते.

दोन शिक्षकांची, पहिली ते चौथीची शाळा आपल्या प्रत्येकाच्या ग्रामीण मतदारसंघात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० पर्यंत पट असला तरी दोन शिक्षक हवेतच. बारा मुलं असली तरी दोन. त्यातला एक प्रभारी मुख्याध्यापक असतो. सकाळी दोघं हजर असतात तेव्हा एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी, आणि शाळा छान चालते. मग मोबाइलवरच्या गटात निरोप येतो : अमुक माहिती आज दुपारी पाचपर्यंत भरून पाठवावी, अत्यंत तातडीचे. मुख्याध्यापक रेंज शोधत बाहेर जातात, किंवा टपाल घेऊन केंद्रावर. मागे राहिलेल्या बाईंकडे चारही इयत्ता येतात. त्या पहिलीच्या मुलांना पाटीवर ‘क’ गिरवायला देतात, दुसरीला पाढे लिहायला सांगतात, चौथीला फळ्यावर भागाकार मांडून देतात आणि तिसरीच्या एका हुशार मुलीला पहिलीजवळ बसवतात. तेवढ्यात स्वयंपाकाच्या ताई तांदूळ मोजून घ्यायला दारात उभ्या राहतात. भात शिजल्यावर बाई स्वतः चव घेतात, चव नोंदवहीत लिहितात, जेवलेल्या मुलांची संख्या पाठवतात. या सगळ्यात पहिलीतला एक मुलगा ‘क’ उलटा काढत राहतो. त्याचा हात धरून तो सरळ करायला दोन मिनिटं पुरतात, पण ती दोन मिनिटं बाईंकडे नसतात. तो मुलगा पाचवीत जातो तेव्हा त्याला वाचता येत नाही, आणि शिक्षक शिकवत नाहीत असं आपण सगळे म्हणतो.

मी शिक्षकांची वकिली करत नाही. न शिकवणारे शिक्षक मी पाहिले आहेत, त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण कायदा काय म्हणतो तेही पाहा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक, एवढीच बाहेरची कामं देता येतात. मतदार याद्यांचं काम सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं आहे. कलम २६ तर त्याहून स्पष्ट आहे : शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत. दोन शिक्षकांच्या शाळेत एक पद रिकामं राहिलं की ते ५० टक्के झालं. म्हणजे राज्यात जी जी द्विशिक्षकी शाळा आज एका शिक्षकावर चालते, ती कायदा मोडून चालते आहे. हा कायदा संसदेने केलेला आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आपल्या मतदारसंघात अशा शाळा किती, त्यांची नावं काय, हे आपल्याला पाठ असायला हवं.

पट कमी झालेल्या शाळांचं दुखणं वेगळं आहे. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारने पुढे आणला. तेव्हा अशा शाळांची संख्या पंधरा हजारांच्या घरात होती आणि त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुलं शिकत होती. शाळेमागे बारा-तेरा मुलं. मंत्रालयात बसून पाहिलं तर या शाळा खर्चिक वाटतात, हे मी समजू शकते. मोठ्या शाळेत खेळायला सोबती जास्त, प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळण्याची शक्यता जास्त, हेही खरं आहे. काही ठिकाणी एकत्रीकरण खरोखर मुलांच्या भल्याचं ठरेल, मी सरसकट विरोध करत नाही. पण ही बारा मुलं कुणाची असतात? वाडीवरची, पाड्यावरची, तांड्यावरची, धरणामुळे उठून दुसरीकडे बसलेल्या वस्तीची. नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. मी शिकवलेल्या एका वस्तीवर पलीकडची शाळा हाकेच्या अंतरावर दिसायची. मधल्या ओढ्यावर पूल नव्हता. जुलै-ऑगस्टमध्ये ओढा भरला की मोठी माणसंही वळसा घालून जायची. सहा वर्षांच्या मुलीला तो वळसा रोज चालवत नेणारं घरात कुणी नसतं, कारण आई-वडील दोघंही कामावर. मग ती घरी राहते, धाकट्या भावाला सांभाळते. वर्षभराने तिचं नाव हजेरीत असतं आणि ती नसते. गाडी सुरू करू, असं सांगितलं जातं. गाडीचं भाडं कोणत्या शीर्षातून येणार, ते किती महिने थकणार, चालक आला नाही त्या दिवशी काय करायचं, याची उत्तरं कागदावर आल्याशिवाय एकही शाळा हलवू देऊ नका. आणि शाळा हलवल्यानंतर त्या वस्तीतलं प्रत्येक मूल दोन वर्षांनी कुठे आहे, याची यादी मागा. नावांसह.

लहान शाळांच्या पैशाबद्दलही सांगते. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला जे संयुक्त अनुदान मिळतं, ते ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आहे. खडू, झाडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती, पाण्याची सोय आणि विजेचं बिल, सगळं त्यातच. बिल थकलं की जोडणी तोडली जाते आणि मग आपण दिलेला संगणक कपाटात जातो. निधी देताना आपण हा संगणक कोणत्या पैशातून चालणार, असा प्रश्न विचारलात तर फार बरं होईल. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये दरडोई हिशेब मांडला होता. तसाच हिशेब आज प्रत्येक मुलामागे मागा : तरतूद किती, तिच्यातलं शाळेच्या खात्यात आलं किती, आणि कोणत्या महिन्यात आलं. मार्चअखेर आलेलं अनुदान जूनमध्ये गळणाऱ्या छपराच्या कामाचं नसतं.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतले २५ टक्के प्रवेश वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियमात बदल करून, सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना या राखीव प्रवेशांतून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पालकांना त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि प्रवेशाच्या ऐन हंगामात मुलं टांगणीला लागली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे राज्य सरकारने केलेला प्रत्येक नियम विधिमंडळासमोर ठेवावा लागतो. आपल्यासमोर ठेवल्या जाणाऱ्या कागदांचा गठ्ठा मोठा असतो याची मला कल्पना आहे. पण त्या गठ्ठ्यातला शालेय शिक्षण विभागाचा कागद दिसला तर तो बाजूला काढून वाचणारा एक तरी सदस्य प्रत्येक पक्षाने नेमून ठेवावा, ही विनंती आहे.

इथे एक गोष्ट विधानसभेच्या २८८ सदस्यांना वेगळी सांगायची आहे. विधान परिषदेत शिक्षकांचे सात प्रतिनिधी आहेत, तेव्हा शिक्षणाचं ते बघतील, असा समज असतो. संविधानाच्या अनुच्छेद १७१ प्रमाणे शिक्षक मतदारसंघात मत देता येतं ते माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवणाऱ्यांना. प्राथमिक शिक्षकाला तिथे मत नाही. मी सगळी नोकरी केली, पण शिक्षक आमदार निवडताना मला कधी कुणी विचारलं नाही, विचारण्याचं कारणच नव्हतं. शिक्षक आमदारांपैकी काहींनी प्राथमिक शाळांचे प्रश्न आपणहून मांडले, त्यांची मी ऋणी आहे. पण त्यांच्यावर मतांचा भार माध्यमिक आणि महाविद्यालयीन शिक्षकांचा आहे : वेतनश्रेणी, विनाअनुदानित तुकड्या, टप्पा अनुदान, जुनी पेन्शन. हे विषय खरेच आहेत आणि ते मांडले गेलेच पाहिजेत. जिल्हा परिषदेच्या साठ हजारांच्या आसपास असलेल्या शाळांतल्या मुलांसाठी मात्र परिषदेत कुणीही मत मागायला येत नाही. त्या मुलांचे आई-वडील विधानसभेला मत देतात. त्यामुळे प्राथमिक शाळेचे आमदार कोण, असं मला कुणी विचारलं तर मी २८८ जणांकडे बोट दाखवीन.

प्रश्न कसा विचारावा, यावर मी बोलणं आगाऊपणाचं वाटेल, तरी बोलते. विधिमंडळाच्या छापील प्रश्नोत्तरांची भाषा आपल्याला सवयीची आहे. ‘अमुक जिल्ह्यात शिक्षकांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय?’ उत्तर येतं, ‘अंशतः खरे आहे.’ पुढे, ‘असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली?’ उत्तर येतं, ‘कार्यवाही सुरू आहे.’ आणि शेवटी, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ त्याला, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ शाळेत अशा उत्तराला मी गुण दिले नसते. प्रश्न ढोबळ असला की उत्तर निसटतं. त्याऐवजी असं विचारा : अमुक तालुक्यात संचमान्यतेप्रमाणे, म्हणजे पटावरून ठरणाऱ्या शिक्षकसंख्येप्रमाणे, मंजूर पदं किती, अमुक तारखेला प्रत्यक्ष हजर शिक्षक किती, एकाच शिक्षकावर चालणाऱ्या द्विशिक्षकी शाळांची नावं काय, प्रत्येक शाळेतलं पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत भरणार. तारखेला ‘अंशतः खरे’ म्हणता येत नाही. तारीख दिली की ते आश्वासन होतं, आश्वासन झालं की ते समितीकडे जातं, आणि मग बोले यांच्यासारखं पुन्हा उभं राहता येतं.

ही माहिती गोळा करायला आपल्याला कुठे लांब जायला नको. प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असतात, हे कायद्यातच आहे. या बायकांना सगळं माहीत असतं. बाई कधी रजेवर गेल्या, बदली कधी आली, तांदूळ किती दिवस नव्हता, शौचालयात पाणी कधीपासून नाही, सगळं. मी या समित्यांच्या बैठकांत बसले आहे. सही कुठे करू असं विचारत येणारी आई पुढच्या वर्षी गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आमच्या शाळेला गुरुजी कधी देताय, असं ठणकावून विचारताना मी पाहिली आहे. आपण मतदारसंघात जाता तेव्हा सत्काराच्या कार्यक्रमाऐवजी या बायकांबरोबर अर्धा तास बसा. हार-नारळ नको म्हणून आधीच कळवा, नाहीतर शाळेचा आदला दिवस त्याच तयारीत जातो.

जिल्हा परिषदांचा कारभार तपासणाऱ्या विधिमंडळाच्या पंचायत राज समितीवर असलेल्या सदस्यांनाही तेच सांगणं. समिती येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत रात्री जागून दप्तर पुरं केलं जातं. दप्तर जरूर तपासा. पण ठरलेल्या यादीत नसलेल्या एका शाळेवर गाडी वळवा, चौथीच्या वर्गात जा, आणि पुस्तकातलं कोणतंही पान एका मुलाला वाचायला सांगा. पहिल्या बाकावरच्या नको, मागच्या. शिक्षकांवर डोळे वटारू नका. वाचता आलं नाही तर या वर्गाला गेल्या चार वर्षांत किती महिने शिक्षक होते, ते विचारा. अहवालात ते लिहा.

शिक्षक संघटना आपल्याला भेटायला येतात, संस्थाचालक येतात, कंत्राटदार येतात. आठ वर्षांच्या मुलांचं शिष्टमंडळ कधी येत नाही, आणि त्यांना पाच वर्षं थांबाही म्हणता येत नाही. पहिलीला शिक्षक नसला आणि तो तिसरीत आला, तर ती दोन वर्षं त्या मुलाला कुणीच परत देऊ शकत नाही. बाकी खात्यांतला उशीर भरून काढता येत असेल, या खात्यातला येत नाही. म्हणून एवढ्या कळकळीने लिहिते आहे.

येत्या अधिवेशनासाठी माझं मागणं मोजकं आहे. आपल्या मतदारसंघातल्या एकशिक्षकी झालेल्या द्विशिक्षकी शाळांवर प्रत्येक सदस्याने एक तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न, दाखल करावा. अर्थसंकल्पी अधिवेशनात शालेय शिक्षण विभागाच्या मागण्या विधानसभेत चर्चेला येतील तेव्हा तिथल्या सदस्यांनी अनुदान शाळेच्या खात्यात जमा होण्याच्या तारखेवर किमान एक कपात सूचना द्यावी. शाळा बंद करण्याच्या किंवा हलवण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला त्या वस्तीतल्या पालकांच्या सभेचा ठराव जोडल्याशिवाय मान्यता मिळू नये, असं अशासकीय विधेयक कुणीतरी आणावं. ते पडलं तरी चालेल, चर्चा कामकाजात नोंदली जाईल.

आणि प्रश्नाचं उत्तर आलं की त्याची एक प्रत त्या त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीला पाठवा. ‘पद भरण्यात आले आहे’ असं त्यात छापलेलं असेल, तर ते भरलंय की नाही हे समितीतल्या आया त्याच संध्याकाळी आपल्याला फोन करून सांगतील. तो फोन मात्र आपण स्वतः घ्या.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका